सगळेच बाहेरचे? : 'द आउटसायडर्स' आणि तिचे वाचक

१

वाचक एखाद्या कृतीविषयी काय बोलतो, याची नोंद समीक्षा सहज करते. परंतु वाचताना तो त्या कृतीत स्वतःला कोठे उभा करतो, हा प्रश्न बहुधा मागे राहतो. वर्गभेद हाच जिचा विषय आहे अशा कादंबरीच्या बाबतीत तर हा प्रश्न टाळून चालत नाही. अशा कादंबरीतील पात्रांना त्यांच्या जागा जन्मानेच मिळालेल्या असतात. वाचक मात्र आपली जागा निवडायला मोकळा असतो. एस. ई. हिंटन यांच्या 'द आउटसायडर्स' (१९६७) या अमेरिकन कुमारकादंबरीच्या अभिग्रहणाचा इतिहास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

ओक्लाहोमा राज्यातील टल्सा या शहरात वाढलेल्या सुझन एलोइझ हिंटन यांनी ही कादंबरी शाळेत शिकत असतानाच, वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी लिहिली. व्हायकिंग प्रेसने ती प्रसिद्ध केली तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. लेखक मुलगी आहे हे कळल्यास पुरुष-समीक्षक पुस्तक गंभीरपणे घेणार नाहीत, या शंकेने मुखपृष्ठावर केवळ आद्याक्षरे घालण्यात आली. म्हणजे पुस्तक कोणाच्या हाती पडण्यापूर्वीच त्याच्या वाचकाविषयी एक अंदाज बांधला गेला होता.

कादंबरीत मुलांचे दोन गट आहेत. शहराच्या पूर्व भागातील गरीब, केसांना भरपूर तेल चोपडणारे 'ग्रीझर' आणि पश्चिम भागातील सधन 'सोश'. आईवडील अपघातात गमावलेला चौदा वर्षांचा पोनीबॉय कर्टिस हा निवेदक. तो डॅरी आणि सोडापॉप या थोरल्या भावांबरोबर राहतो. एका रात्री बागेत सोश मुले पोनीबॉयला कारंज्याच्या पाण्यात बुडवू लागतात, तेव्हा त्याचा मित्र जॉनी त्यांच्यातील बॉब या मुलास सुऱ्याने ठार करतो. दोघे पळून एका ओसाड चर्चमध्ये लपतात. त्या चर्चला आग लागते तेव्हा आत अडकलेल्या मुलांना वाचवतात. जॉनी त्या दुखापतींनी मरतो, आणि त्याच्या मृत्यूने सैरभैर झालेला डॅली पोलिसांच्या गोळ्यांना सामोरा जातो.

या कथेचे सर्व निवेदन एकट्या पोनीबॉयच्या मुखाने होते. त्यामुळे वाचक कोणत्याही घरातला असो, कथनाची रचनाच त्याला ग्रीझरांच्या अंगणात आणून बसवते. वर्गभेदाची कादंबरी वाचत असताना तिचा वाचकवर्ग मात्र वर्गहीन होतो. ही या कादंबरीची नैतिक कमाई मानायची की तिची पळवाट? प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच आहे.

२

हान्स रॉबर्ट याउस यांनी कॉन्स्टान्झ विद्यापीठात साहित्येतिहासाची मांडणी वाचकाच्या बाजूने करण्याची भूमिका मांडली तीही १९६७ मध्येच. कोणतीही कृती वाचकाच्या 'अपेक्षांच्या क्षितिजा'वर उगवते आणि त्या क्षितिजापासून तिचे जे अंतर असते त्यावरून तिचे मोल कळते, असे त्यांचे प्रतिपादन. 'द आउटसायडर्स'च्या बाबतीत मात्र एका वेळी दोन क्षितिजे होती, हे तिच्या आरंभीच्या परीक्षणांवरून दिसते.

प्रौढ परीक्षकांचे क्षितिज वास्तववादी कादंबरीने घडवले होते. नॅट हेन्टॉफ यांनी १९६७ च्या डिसेंबरमध्ये 'अटलांटिक मंथली'त लिहिताना कुमारांच्या बोलीची लेखिकेला असलेली जाण वाखाणली. कथानक मात्र त्यांना ठिकठिकाणी बेतलेले वाटले. हा आक्षेप निराधार नाही. आग, सुटका, मृत्यू, लगोलग दुसरा मृत्यू, ही मालिका अतिनाट्यच आहे. पुढे १९८६ मध्ये 'द नेशन'मध्ये मायकेल मलोन यांनी हाच आक्षेप अधिक मूलगामी केला. या कादंबऱ्यांना वास्तववादी म्हणून नावाजले जाते. परंतु प्रौढांची सत्ता जेथे जवळजवळ पोहोचत नाही असे हे मिथकाचे जग आहे आणि त्याची भाषाही तशीच भारावलेली आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

कुमारवाचकांचे क्षितिज वेगळे होते. हिंटन यांनी १९६७ च्या ऑगस्टमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स बुक रिव्ह्यू'त लेख लिहून, कुमारांसाठी लिहिले जाणारे साहित्य त्यांच्या प्रत्यक्ष जगण्याच्या किती मागे आहे, याची तक्रार केली होती. शाळेतील नृत्यसमारंभाला कोणाबरोबर जायचे, हाच ज्या पुस्तकांतला सर्वांत मोठा पेच होता ती पुस्तके वाचून आलेल्या मुलाला बोथट न केलेली मारामारी, घरातली मारहाण आणि मित्राचा मृत्यू एवढे सारे प्रथमच आपल्या वयाच्या आवाजात ऐकू आले. प्रौढाला जे अतिनाट्य वाटले तेच कुमाराला खरे वाटले, याचे कारण त्याची अभिरुची अपक्व होती, एवढे सांगून भागत नाही. त्या वयात अनुभव याच प्रमाणात जाणवतो. आणि निवेदक त्याच वयाचा असल्याने अतिनाट्य हा येथे कथानकाचा दोष राहिला तरी निवेदकाच्या दृष्टीचा तो खरेपणाही ठरतो. २००७ मध्ये कादंबरीला चाळीस वर्षे झाल्याच्या निमित्ताने डेल पेक यांनी तिच्यात इतर पुस्तकांचे आणि चित्रपटांचे प्रतिध्वनी किती आहेत हे दाखवले. पण कुमाराचे मन असे उसन्या प्रतिमांनीच स्वतःला घडवत असते, हेही त्यांनी ओळखले होते.

दोन्ही क्षितिजांवर वाद झाला तो मात्र खरेपणाबद्दल. वर्गभेदाचे काय, हा प्रश्न कोणत्याच बाजूला केंद्रस्थानी आला नाही.

३

पुस्तकाला दीर्घायुष्य मिळाले ते शाळेत. प्रकाशकांच्या सांगण्यानुसार आजवर तिच्या दीड कोटीहून अधिक प्रती खपल्या आहेत, आणि त्यामागे अभ्यासक्रमाचा वाटा फार मोठा आहे. कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नो येथील लोन स्टार शाळेच्या विद्यार्थ्यांनी आणि ग्रंथपालांनी १९८० मध्ये फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांना सह्यांचे पत्र पाठवून या कादंबरीवर चित्रपट काढण्याची विनंती केली, आणि १९८३ मध्ये तो चित्रपट आला. वाचक-प्रतिसाद एवढा कर्तृत्ववान झाल्याची उदाहरणे थोडी असतील. १९८८ मध्ये कुमारसाहित्यासाठीचा मार्गारेट ए. एडवर्ड्स पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिला मान हिंटन यांनाच मिळाला. त्याच वेळी, १९९० ते १९९९ या दशकात अमेरिकन ग्रंथालयांत ज्या शंभर पुस्तकांवर सर्वाधिक आक्षेप घेतले गेले त्या यादीतही ही कादंबरी आहे.

शाळेने या कादंबरीचे जे वाचन रूढ केले त्याचा आधार एका प्रसंगात आहे. सोश मुलगी चेरी आणि पोनीबॉय बोलत असताना दोघांच्याही लक्षात येते की दोघेही सूर्यास्त पाहतात. ती आपल्या घराच्या अंगणातून, तो आपल्या मागच्या ओसरीतून. सूर्यास्त एकच आहे, तेव्हा दोन जगे तितकी वेगळी नसावीत, असा विचार पोनीबॉयच्या मनात येतो. वर्गात हा विचार आशयसूत्र म्हणून फळ्यावर लिहिला जातो. माणसे आतून सारखीच, भेद वरवरचे, पूर्वग्रह टाळावेत. लुईस रोझेनब्लाट यांनी १९७८ मध्ये वाचनाचे दोन पवित्रे वेगळे केले होते : वाचताना जगणे आणि वाचून काही घेऊन जाणे. शाळेने या कादंबरीतून घेऊन जाण्याजोगी वस्तू निवडली ती सूर्यास्ताची.

परंतु संहिता तेथे थांबत नाही. शाळेत आपण तुला ओळख दाखवली नाही तर मनाला लावून घेऊ नकोस, असे चेरी त्याच भेटीत सांगते. जॉनी मृत्युशय्येवर असताना त्याला भेटायला जाणे तिला शक्य होत नाही, कारण मेलेला बॉब तिचा होता. मारामारीपूर्वी रॅन्डी हा सोश मुलगा पोनीबॉयला म्हणतो की तुम्ही जिंकलात तरी काही बदलणार नाही. तुम्ही होता तेथेच राहाल आणि आमच्याच वाट्याला संधी येत राहतील. वर्गभेद ही मनोवृत्ती नसून रचना आहे, हे या कादंबरीत स्पष्टपणे कोणी सांगत असेल तर तो हा श्रीमंत मुलगा. मारामारीच्या वेळी डॅरीसमोर जो सोश उभा राहतो तो पॉल होल्डन, शाळेच्या फुटबॉल संघातला त्याचा जुना सहकारी. एक महाविद्यालयात गेला. दुसरा घरांची छपरे घालतो. दोघांनी एकच सूर्यास्त पाहिला असेल. पण कादंबरी आपल्याला दाखवते ती त्या दोघांची नजर.

तरीही सूर्यास्ताचे वाचन केवळ शिक्षकांनी लादले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कादंबरीच वर्गभेदाचे स्पष्टीकरण वारंवार कुटुंबाकडे वळवते. बॉब क्रूर का, तर त्याच्या आईवडिलांनी त्याला कधी नकार दिला नाही. जॉनी घाबरट का, तर त्याचे आईवडील त्याला मारतात किंवा विचारीत नाहीत. १९८६ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील साउथ मिल्वॉकी येथे या पुस्तकावर आक्षेप घेतला गेला तेव्हा दारू आणि अमली पदार्थांबरोबर आणखी एक कारण नोंदवण्यात आले : त्यातली जवळजवळ सगळी पात्रे मोडलेल्या घरांतली आहेत. या आक्षेपाला हसणे सोपे आहे. पण आक्षेपकाने नकळत एक गोष्ट बरोबर हेरली होती. ही कादंबरी मोडलेल्या समाजाची गोष्ट मोडलेल्या घरांच्या भाषेत सांगते. आणि घर ही सर्वांच्या परिचयाची वस्तू असल्याने, कोणत्याही वर्गातला वाचक तिच्यात सहज शिरतो.

४

येथे कादंबरीतीलच वाचकांकडे वळणे आवश्यक आहे. 'द आउटसायडर्स'मधली मुले वाचतात, आणि वाचताना ती काय करतात हे हिंटन यांनी बारकाईने दाखवले आहे.

पोनीबॉय 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' वाचतो आणि पिप आपल्यासारखा आहे असे त्याला वाटते. सभ्य गृहस्थ नसल्याची खूण पिपवरही मारलेली आहे. हे तादात्म्य वर्गीय साम्यावर उभे आहे. जॉनीचे वाचन याच्या नेमके उलट आहे. लपलेल्या दिवसांत पोनीबॉय त्याला 'गॉन विथ द विंड' वाचून दाखवतो, तेव्हा दक्षिणेतील जमीनदार सरदारपुत्रांच्या शौर्यात त्याला डॅली दिसतो. शाळेत जेमतेम टिकलेला, मार खाल्लेला हा मुलगा गुलामांच्या श्रमावर जगणाऱ्या उमरावांत आपल्या टोळीतला गुंड ओळखतो. म्हणजे वर्ग ओलांडून तादात्म्य पावणे हे केवळ सधन वाचकाचेच भाग्य नाही. गरीब वाचकही ते करतो, आणि त्याला उचलायला मिळते ती वरच्या वर्गाची मरणाची शैली. डॅली पुढे रिकामे पिस्तूल उगारून पोलिसांकडून मृत्यू ओढवून घेतो, तेव्हा जॉनीचे ते वाचन भाकितासारखे खरे ठरते. येथे कादंबरीने वाचनाचे सामर्थ्य दाखवले आहे. त्याचा धोकाही दाखवला आहे.

तिसरे वाचन रॉबर्ट फ्रॉस्ट यांच्या एका छोट्या कवितेचे. पोनीबॉयला ती पाठ आहे, पण तिचा अर्थ आपल्याला पुरता कळलेला नाही असे तो म्हणतो. अर्थ लावतो तो जॉनी, मरण्यापूर्वी लिहून ठेवलेल्या पत्रात. शाळेतल्या हुशार मुलाने कविता सांभाळली. तिचे विवेचन केले ते ज्याला शाळेने मंद ठरवले त्याने. अर्थनिर्णयाचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाला कादंबरीने दिलेले हे उत्तर तिच्या सूर्यास्तापेक्षा कितीतरी अधिक वर्गभानाचे आहे.

आणि शेवटी सर्व कादंबरीच एका वाचकासाठी लिहिलेली निघते. नापास होण्याच्या बेतात असलेल्या पोनीबॉयला इंग्रजीचे शिक्षक साइम सांगतात की चांगला निबंध लिहिलास तर उत्तीर्ण करीन. तो लिहायला बसतो, आणि त्याचे पहिले वाक्य हे कादंबरीचेच पहिले वाक्य असते. या वर्तुळाचे रचनाकौशल्य बहुतेकांनी नोंदवले आहे. पण त्याने वाचकाला कोणत्या जागी बसवले, हे फारसे पाहिले गेलेले नाही. आपण जे वाचले ती एका गरीब मुलाची उत्तरपत्रिका होती. इतका वेळ आपण पोनीबॉयच्या शेजारी बसलो आहोत अशी समजूत होती. प्रत्यक्षात आपण साइम यांच्या खुर्चीत होतो, आणि श्रेणी देणे अद्याप बाकी आहे. हिंटन यांनी ही कादंबरी लिहिली त्याच वर्षी सर्जनशील लेखनात आपल्याला 'डी' श्रेणी मिळाली, असे त्या सांगत आल्या आहेत. वोल्फगांग इझर ज्याला गर्भित वाचक म्हणतात तो या कादंबरीत दुहेरी आहे : एक जिवाभावाचा मित्र आणि एक परीक्षक. वाचकांच्या प्रतिक्रियांत पहिल्याचाच आवाज सर्वत्र ऐकू येतो. दुसऱ्याची कबुली दिली जात नाही.

५

मराठी वाचकाला हा पेच अपरिचित नाही. न. चिं. केळकर यांनी साहित्यानंदाची उपपत्ती 'सविकल्प समाधी' या कल्पनेने दिली होती. वाचक स्वतःचे भान न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, आणि एकाच वेळी दोन ठिकाणी असण्यातून आनंद उत्पन्न होतो, हा तिचा गाभा. या कल्पनेत सगळे बळ 'सविकल्प' या विशेषणात आहे. 'द आउटसायडर्स'च्या वर्गातील वाचनात समाधी असते. विकल्प गळून पडलेला असतो. आपण सारेच केव्हातरी एकटे पडतो, म्हणून आपण सारेच 'आउटसायडर', हे साधारणीकरण ऐकायला उदार वाटते. पण त्यात ज्याच्या घरी मोटार आहे तो आणि जो त्या मोटारीतून उतरलेल्यांचा मार खातो तो, यांच्यातला फरक पुसला जातो. शरणकुमार लिंबाळे यांनी 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) मध्ये आनंदवादी सौंदर्यविचाराची कसोटी दलित साहित्याला अपुरी पडते, असा जो आक्षेप घेतला त्याच्या मुळाशीही हीच शंका आहे : वेदना ज्याची नाही त्या सहृदयाच्या आस्वादात त्या वेदनेचे काय होते?

अर्थात दोन्ही प्रकारचे 'बाहेर' एक मानणे चूक ठरेल. या कादंबरीचे शीर्षक मराठीत आणू गेल्यास ते लगेच ध्यानात येते. 'बाहेरचा' हा शब्द आपल्याकडे नुसते रूपक म्हणून राहत नाही. त्याच्या पाठीशी गावकुसाची भिंत उभी राहते. पोनीबॉयची खूण त्याच्या केसांत आहे. लपताना तो केस कापून रंगवतो तेव्हा त्याला आपण आपले उरलो नाही असे वाटते. तरी खूण पुसली जाते हे खरे. जन्माने लादलेली खूण अशी कात्रीने जात नाही.

अमेरिकेतही अशी खूण आहे, आणि कादंबरीत तिच्याविषयी जवळजवळ मौन आहे. ज्या टल्साच्या धर्तीवर हे जग रचले आहे तेथेच १९२१ मध्ये ग्रीनवुड या कृष्णवर्णीयांच्या वस्तीचा वंशद्वेष्ट्या जमावाने विध्वंस केला होता. कादंबरीतील पूर्व-पश्चिम भांडण मात्र गोऱ्या मुलांपुरते आहे. २०२४ मध्ये ब्रॉडवेवर या कादंबरीचे संगीत नाटक आले, त्याला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट संगीत नाटकाचा टोनी पुरस्कार मिळाला, आणि त्यात डॅलीची भूमिका जोशुआ बून या कृष्णवर्णीय नटाने केली. कादंबरी वाचून आलेल्या प्रेक्षकाला जॉनीचे ते वाचन आठवल्यावाचून राहणार नाही. गुलामधारी उमरावांत दिसलेला डॅली आता या देहात उभा आहे. संहितेतील एक शब्दही न बदलता क्षितिज सरकते ते असे.

म्हणून आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. या कादंबरीने लाखो सधन मुलांना गरीब मुलाच्या जागी बसवले, ही कमाई नाकारण्याचे कारण नाही. ज्या मुलांना पुस्तकात स्वतःचे घर प्रथमच दिसले त्यांच्या ऋणाची तर तुलनाच नको. पण तादात्म्य ही वाचनाची पहिली पायरी आहे. संहितेने दुसरी पायरीही बांधून ठेवली आहे, ती शेवटच्या पानावर. तेथे पोहोचलेल्या वाचकाने पुस्तक मिटण्यापूर्वी स्वतःला विचारावे की ही उत्तरपत्रिका आपल्या हाती कशी आली, आणि ती तपासण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला. हा प्रश्न ज्याला पडतो तो मुलांच्या टोळीत सामील झालेला नसतो. परंतु त्या टोळीला त्याचा उपयोग होण्याची शक्यता तेथूनच सुरू होते.